कडू काडी आणि दाताची कीड

आज आम्ही दातांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, दातांविषयी काय बोलायचं? सकाळी उठतो, तोंड धुतो, चूळ भरतो. झालं!" ठीक आहे. मग एक करा. तोंड मिटा आणि जीभ सगळ्या दाढांवरून फिरवा. कुठे खड्डा लागतो का? टोक बोचतं का? दाढ गेलेली मोकळी जागा लागते का? बहुतेकांना काही ना काही लागेल.

दाढ दुखू लागली म्हणजे काय होतं, ते सांगायला नको. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. भाकरी चावत नाही. कामाला जाववत नाही, मजुरी बुडते. मग जो तो सल्ला देतो. एक म्हणतो, लवंग धर. दुसरा म्हणतो, रुईचा चीक घाल. शेजारीण म्हणते, मिसरी लाव, लगेच थांबेल. कोणी म्हणतो, बाजारच्या दिवशी कीड काढणारा येतो, त्याच्याकडे जा.

यात खरं किती आणि खोटं किती? झाडपाल्यात गुण आहे की नाही? आम्ही सांगतो, आहे. पण तो कोणता, आणि कुठवर चालतो, हे ठाऊक पाहिजे. हे ठाऊक नसलं तर औषधाचंच दुखणं होतं.

कीड दिसत का नाही?

आपण म्हणतो, दात किडला. जोंधळ्याला कीड लागते, बोंडात अळी शिरते, तसं दातातही काही तरी वळवळत असेल, असं वाटतं. कीड काढणारा याच समजुतीवर पोट भरतो. तो भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकतो. त्याची धुरी दाढेला देतो. मग पाण्यात पांढरे बारीक किडे पडलेले दाखवतो. बघणारा थक्क होतो आणि पैसे देतो. पण ते दाढेतले किडे नव्हेत बरं का! कधी तो बियांतला पांढरा कोंब असतो. कधी कापसाचा तंतू असतो. कधी नुसती हातचलाखी असते. दाताला अळी लागत नाही.

मग दात पोखरतं कोण? पोखरणारे जीव आहेत, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते पहिल्यांदा कोणी पाहिले, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचं गाव आहे. तिथे लेवेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत होता. त्याने मोठ्या शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःच्या भाषेखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पण काच घासून बारीक भिंगं करण्याचा त्याला नाद होता. एक दिवस त्याने आपल्याच दातांच्या फटीतला पांढरा मळ काढला, पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. पाहतो तो काय! त्या कणभर मळात असंख्य जीव हालत होते. १६८३ साली त्याने हे पत्र लिहून लंडनच्या विद्वानांना कळवलं.

ते जीव म्हणजे जंतू. पुढे १९२४ साली क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा काढला. त्याचं नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. नाव जड आहे. आपण त्याला 'आंबट जंतू' म्हणू. असं का म्हणायचं, ते आता पाहा.

खातो गोड, करतो आंबट

तुमच्या घरी दही लागतं. कोमट दुधात चमचाभर विरजण घालतात. सकाळी दूध आंबट होऊन दही झालेलं असतं. हे कोण करतं? विरजणातले जंतू करतात. दुधात थोडी साखर असते. ती ते खातात आणि तिचं आम्ल करतात. आम्ल म्हणजे आंबट रस.

आपलं तोंडही कोमटच असतं. त्यात आपण साखर, गूळ, गोळ्या, बिस्किटं घालतो. दाताला चिकटलेले जंतू ती साखर खातात आणि तिथल्या तिथे आंबट रस तयार करतात. विरजणातले जंतू आपल्या कामाचे. हे मात्र आपल्या मुळावर उठलेले.

आंबट रसाने काय होतं, ते घरी करून पाहा. एका वाटीत लिंबाचा रस घ्या. त्यात अंड्याच्या कवचाचा तुकडा टाका. त्याच्यावर बुडबुडे येतील. तासा-दोन तासांनी कवच मऊ पडू लागेल. दात कवचापेक्षा फार टणक आहे. त्याच्या वरचा थर आपल्या अंगातला सगळ्यात टणक पदार्थ आहे. पण आंबटापुढे तोही झिजतो. आज थोडा, उद्या थोडा, असा वर्षभरात खड्डा पडतो.

बर्लिन शहरात मिलर नावाचे एक अमेरिकन दंतवैद्य होते. त्यांनी काढलेले दात थुंकीत ठेवले. एका भांड्यात थुंकीबरोबर पाव घातला. दुसऱ्यात मांस घातलं. तिसऱ्यात थुंकी आधी उकळून घेतली आणि मग पाव घातला. पहिल्या भांड्यातला दात मऊ पडला. मांसाच्या भांड्यातला पडला नाही. उकळलेल्या थुंकीतलाही पडला नाही, कारण उकळल्यावर जंतू मरतात. म्हणजे दात किडायला दोन्ही लागतात. जंतू हवेत आणि त्यांना पिठाचं, साखरेचं खाणंही हवं. मिलर यांनी याविषयीचं पुस्तक १८९० साली छापलं.

जंतू नसले तर? अमेरिकेत १९५४ साली शास्त्रज्ञांनी उंदीर पाळले. जन्मापासून त्यांना एकही जंतू शिवू दिला नाही. मग त्यांना भरपूर साखर चारली. त्यांचा एकही दात किडला नाही. जंतू लागलेल्या उंदरांचे दात मात्र तेच खाणं खाऊन किडले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गोड खाल्लं की थोड्याच मिनिटांत दातावर आंबट रस तयार होतो. तो धुऊन जायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. हे धुण्याचं काम आपली थुंकी करते. थुंकीला कमी लेखू नका. ती दाताची झीजही थोडी थोडी भरून काढते. पण तिला उसंत मिळाली पाहिजे. सणाला पुरणपोळी खाल्ली, चूळ भरली, तर फार बिघडत नाही. पण सकाळी गोड चहा, दहाला गोड चहा, दुपारी बिस्किट, मधे पोराच्या गालात गोळी, संध्याकाळी पुन्हा चहा, असं चाललं तर दात दिवसभर आंबटातच भिजत राहतो. किती गोड खाल्लं याहून किती वेळा खाल्लं, हे पाहावं.

काडीत काय गुण आहे?

आता झाडांकडे वळू. आपल्या वाडवडिलांना भिंग माहीत नव्हतं, पण अनुभव होता. चरक आणि सुश्रुत यांच्या जुन्या वैद्यक ग्रंथांत दातवण कसं करावं, हे सांगितलं आहे. चरकाच्या ग्रंथात दातवण दिवसातून दोन वेळा करावं, काडीचं टोक ठेचून घ्यावं आणि हिरडी दुखवू नये, असं आहे. काडी कडू, तिखट किंवा तुरट असावी. सुश्रुताच्या ग्रंथात कडू काड्यांत कडुनिंब, तुरट काड्यांत खैर आणि तिखट काड्यांत करंज उत्तम मानला आहे. पाहा, ही झाडं आपल्या शिवारातलीच आहेत.

कडू आणि तुरट का? झाडाला पाय नाहीत. कीड आली तर ते पळून जाऊ शकत नाही. म्हणून ते आपल्या सालीत, पानात, बियांत काही रस साठवून ठेवतं. ते रस किडीला, बुरशीला, जंतूला मानवत नाहीत. झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेलं औषध आपण उसनं घेतो.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. पाच किलो निंबोळ्या कुटून शंभर लिटर पाण्यात अर्क करतात आणि पिकावर फवारतात. त्याने अळी जागच्या जागी मरून पडत नाही. पण तिला पान गोड लागत नाही, ती खाणं सोडते. तोंडातही काहीसं तसंच होतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात कडुनिंबाच्या काडीचा अर्क काढून तपासला. ते काम १९९६ साली छापून आलं. त्या अर्काने जंतूंची वाढ थांबली नाही, पण त्यांचं दाताला चिकटणं कमी झालं. जंतू साखरेपासून एक चिकट खळ करतात आणि तिच्या जोरावर दाताला धरून बसतात. ती खळ तयार होणंही कमी झालं. जो चिकटत नाही, तो चूळ भरताच बाहेर जातो.

बाभळीची गोष्ट वेगळ्या तऱ्हेची आहे. कातडं कमावायला बाभळीची साल वापरतात, हे तुम्ही जाणता. सालीत एक तुरट द्रव्य असतं. त्याला टॅनिन म्हणतात. ते कातड्याला घट्ट करतं. बाभळीची काडी चावली की तोंड आवळल्यासारखं होतं, ते याच द्रव्यामुळे. हिरडी आवळते आणि जंतूंची पकड सैल पडते. खैरात आणि कडुनिंबाच्या सालीतही असं तुरट द्रव्य असतं.

आपल्या गावातले मुसलमान बांधव मिस्वाक वापरतात. त्यांच्या धर्मात मिस्वाकला मान आहे. ती पिलूच्या झाडाची काडी. तिची चव मोहरीसारखी चुरचुरते. ज्या द्रव्याने ती चुरचुरते, तेच काही जंतूंना मारतं.

लवंगेत युजेनॉल नावाचं तेल असतं. ते जंतूंना मारतं आणि ठणकाही बधिर करतं. दंतवैद्यसुद्धा जस्ताच्या भुकटीत हे तेल कालवून दाढेत तात्पुरतं भरतात. म्हणजे आजीबाईच्या बटव्यातली लवंग दवाखान्यात जाऊन बसली आहे!

आणि चहा? चहाच्या पानातही तुरट द्रव्यं आहेत. तीही आंबट जंतूंच्या खळीला अटकाव करतात. पण आपण त्यात दोन चमचे साखर घालतो. मग जंतूंना वेसण घालणं राहिलं बाजूला, आपण त्यांना पंगतीलाच बसवतो.

रस मोठा की घासणं मोठं?

इथे एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारात फिरणारा औषधवाला ती सांगणार नाही.

काचेच्या बशीत जंतूंवर झाडाचा रस टाकला, तर तो तिथे दिवसभर राहतो. जंतूला पळायला वाट नसते. तोंडात तसं नाही. थुंकी सारखी वाहत असते. काडीचा रस थोड्या वेळात धुऊन जातो. शिवाय जंतू आपल्या चिकट थराखाली दडून असतात. वरून ओतलेला रस खालपर्यंत पोचत नाही. म्हणून बशीत जे घडतं, ते सगळं तोंडात घडेलच असं नाही.

मग काडीचा उपयोग काय? काडी दोन कामं करते. तिचा कुंचा तो चिकट थर खरवडून काढतो. हे मोठं काम. तिचा रस नवा थर लवकर बसू देत नाही. हे मदतीचं काम. नांगरट केल्यावाचून नुसतं खत टाकून पीक येत नाही. तसं घासल्यावाचून नुसती काडी चघळून दात स्वच्छ होत नाही. पुष्कळ लोक काडी तोंडात धरून बांधावर फिरतात, चार माणसांशी बोलतात, आणि थुंकून देतात. ते दातवण नव्हे, ती करमणूक.

काडी कशी वापरावी?

ताजी काडी घ्यावी. करंगळीएवढी जाड आणि वीतभर लांब असावी. ज्या झाडावर औषध फवारलं आहे, किंवा जे रस्त्याच्या धुळीत उभं आहे, त्याची घेऊ नये. काडी पाण्याने धुवावी. टोकाची साल सोलून ते दाढेखाली सावकाश चावावं, म्हणजे मऊ कुंचा होतो. खरखरीत कुंच्याने हिरडी सोलवटते.

घासताना हिरडीकडून दाताच्या टोकाकडे यावं. वरचे दात वरून खाली, खालचे दात खालून वर. आडवं जोराने घासू नये. त्याने दाताच्या मुळाशी खाच पडते. बाहेरची बाजू झाली की आतली घासावी. मग दाढांचा माथा घासावा. दळणाचं काम तिथे चालतं, आणि कणही तिथेच अडकतात. शेवटी काडी उभी चिरून जीभ साफ करावी. रस थुंकून टाकावा, गिळू नये. मग खळखळून चूळ भरावी. वापरलेलं टोक कापून टाकावं. एकाची काडी दुसऱ्याने वापरू नये.

लहान मुलांना कडुनिंबाचं तेल पाजू नका. त्याने तान्ह्या मुलांना विषबाधा झालेली आहे. पोटुशी बाईनेही कडुनिंबाचा रस पिऊ नये.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दातवण रात्रीही करा. झोपेत थुंकी फार कमी सुटते. मग जंतूंना रान मोकळं. सकाळचं दातवण चुकलं तर एक वेळ चालेल, पण रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही तोंडात घालू नका.

ज्यांना परवडतं त्यांनी फ्लोराइड असलेली पेस्ट जरूर वापरावी. फ्लोराइड हे एक क्षार-द्रव्य आहे. ते दाताचा वरचा थर आंबटापुढे टिकाऊ करतं. कीड रोखण्यात त्याची बरोबरी काडी करू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशी पेस्ट आवश्यक औषधांच्या यादीत घातली. अगदी लहान मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीन वर्षांपुढच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशी गावं आहेत. तिथे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ती कीड नव्हे, तो पाण्याचा दोष. तिथे आधी पाणी तपासून घ्यावं आणि पेस्टविषयी डॉक्टरांना विचारावं.

काडी जुनी म्हणून तिला हसू नका. पेस्ट नवी म्हणून नाक मुरडू नका. दोन्ही ठेवा, पण घासायला विसरू नका.

काडीने काय होत नाही?

बोंडात अळी शिरून भोक पडलं, मग वरून कितीही फवारा, ते बोंड पुन्हा धड होतं का? नाही. दाताचंही तसंच आहे. आधी दातावर खडूसारखा पांढरा डाग येतो. तेव्हा जागं झालं तर दात सावरतो. एकदा खड्डा पडला की कोणत्याही झाडाचा रस तो भरून काढत नाही. तो दंतवैद्यानेच साफ करून भरला पाहिजे. लहान खड्डा थोडक्यात भरतो. मोठा झाला की खर्चही मोठा, आणि शेवटी दाढ काढावी लागते.

लवंग दाढेखाली धरली की ठणका थांबतो. पण ठणका थांबला म्हणजे रोग गेला असं नाही. राखणदाराचं तोंड बांधलं म्हणून चोर जात नाही. लवंग एका रात्रीपुरती. सकाळी दवाखान्याची वाट धरावी. लवंगेचं निव्वळ तेल हिरडीवर ओतू नये, हिरडी भाजते. लहान मुलांच्या हाती ते लागू देऊ नये. रुईचा चीक आणि बिब्बा तोंडात कधीच घालू नये. झाडाचं आहे म्हणून ते गरीब आहे, असं समजू नका. झाडात औषध आहे, तसं विषही आहे.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना अडू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दाढेतला पू गळ्याकडे उतरला तर माणूस दगावतो.

मिसरी

आता मायबहिणींना आम्ही कळकळीने सांगतो. पुरुषांनीही ऐकावं.

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. कोणी तिला मशेरी म्हणतात. तीही झाडाचीच, हे खरं. दाढ दुखते म्हणून एक दिवस लावतात. बधिर होतं, बरं वाटतं. मग सकाळी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही. मग दुपारी, मग रात्री. दाढ राहते बाजूला, आणि व्यसन जडतं. आई लावते म्हणून लेक लावू लागते.

मिसरीने दात स्वच्छ होत नाहीत. ती काळे डाग पाडते, हिरडी मागे सारते. तोंडात पांढरा चट्टा उठतो, आणि पुढे त्याचा कर्करोग होऊ शकतो. पोटुशी बाई तंबाखू लावते, तेव्हा तिचं विष पोटातल्या बाळाला पोचतं. बाळ कमी वजनाचं जन्मतं. सरकारने १९९२ साली दातांच्या पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी तंबाखू कोणता कायदा थांबवणार? ती आपणच थांबवली पाहिजे.

सुपारीचंही तेच. खायचं पान गुणाचं असलं, तरी त्यातली सुपारी घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली सुपारीला कर्करोग करणारी म्हणून जाहीर केलं, तंबाखू नसली तरीही.

तोंडात चट्टा किंवा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवा.

राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनीही दात चकचकीत दिसतो, पण त्याचा वरचा थर घासून जातो. भांडं घासायची वस्तू भांड्यालाच ठेवावी.

सहाव्या वर्षाची दाढ

आमची हयात शाळेत गेली. प्रार्थना झाली की मुलांची नखं आणि दात पाहायचे, अशी आमची रीत होती. त्यात एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसली. तिसरी-चौथीतली मुलं एकाच गालाने खात. पाढे म्हणताना गाल धरीत. आत पाहावं तर शेवटची दाढ पोखरलेली. आईला निरोप धाडला तर ती म्हणे, "दुधाचीच आहे गुरुजी, पडेल आणि नवी येईल."

मंडळी, ती दुधाची नसते! मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. ती कायमची असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्यावर माणसाला साठ-सत्तर वर्षं भाकरी चावायची असते. आणि आपण ती दुधाची समजून नववं वर्ष लागायच्या आत गमावतो.

म्हणून घरी सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर आज रात्री त्याला उजेडात बसवा. तोंड उघडायला सांगा. मागे पाहा. दाढेच्या खाचेत काळी रेघ किंवा खड्डा दिसला तर वाट पाहू नका. शाळेत तपासणीला डॉक्टरांचं पथक येतं, त्यांना दाखवा. नाही तर आशाताईला विचारा, ती ग्रामीण रुग्णालयाची वाट सांगेल.

आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने घासून द्यावेत. मूल घासतं, पण मागच्या दाढेपर्यंत त्याचा हात पोचत नाही. तान्ह्या मुलाला तोंडात बाटली ठेवून निजवू नये. घास आपल्या तोंडात मऊ करून बाळाला भरवू नये. आईच्या तोंडातले आंबट जंतू असेच बाळाच्या तोंडात जातात. म्हणून आईने आपले दात सांभाळले, तर ते बाळाच्याही उपयोगी पडतं.

आता आवरतं घेतो. काडी चांगली आहे. तिचा रस गुणाचा आहे. पण खरवडतो तो हात, वाचवते ती रात्रीची सवय, आणि खड्डा भरतो तो डॉक्टर. ज्याचं काम त्याने करावं.

तुम्ही आता वाचायला शिकलात. तुमच्या घरात, शेजारी अशी माणसं आहेत, ज्यांना अजून वाचता येत नाही. मिसरी लावणारी आई असेल, गाल धरून बसलेला मजूर असेल. हा धडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. अक्षर अडलं तर थांबा, पुन्हा वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.